टोपी, बूट आणि मातीची भिंत

मातीच्या घराला डोक्यावर चांगली टोपी आणि पायात चांगले बूट असले की ते पिढ्यान् पिढ्या उभं राहतं, असं डेव्हनमधली जुनी माणसं सांगतात. टोपी म्हणजे गव्हाच्या काडानं शाकारलेलं जाडजूड छप्पर, ज्याची वळचण भिंतीच्या चांगली पुढं आलेली असते. बूट म्हणजे दगडगोट्यांचं जोतं. मधली सगळी भिंत मातीची. त्यात वीट नाही, लाकडाचा सांगाडा नाही, सिमेंटचा तर प्रश्नच नाही. माती, काड आणि पाणी, बस्स. तिकडे या बांधकामाला कॉब म्हणतात. इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडच्या या भागात अशी घरं हजारोंनी आहेत आणि त्यांतली कित्येक तीन-चारशे वर्षांची आहेत. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या दरबारातला वॉल्टर रॅली जन्मला ते हेज बार्टन नावाचं शेतघरही असंच, माती आणि काडाचं.

तिथून जवळच, ऑटर नदीच्या पलीकडच्या अंगाला ऑटर्टन नावाचं गाव आहे. मुख्य रस्त्याच्या कडेनं ओढा वाहतो, घरात जायला त्यावर छोटे छोटे साकव, आणि दोन्ही बाजूंना पांढऱ्या-पिवळसर भिंतींची, काडाच्या छपरांची घरं. मे महिन्यात आम्ही यातलंच एक कॉटेज लांबलेल्या शनिवार-रविवारासाठी भाड्यानं घेतलं. नवरा, मी, आमची शाळकरी लेक आणि उन्हाळा काढायला औसा तालुक्यातल्या आमच्या गावाहून आलेली माझी आई.

जाहिरातीत घराच्या ज्या गोष्टींचं कौतुक होतं त्या अशा: जिना अरुंद आणि उभा, एकही भिंत ओळंब्यात नाही, वरच्या मजल्याची जमीन एका बाजूला उतरती, दारं इतकी बुटकी की माझ्या नवऱ्याला प्रत्येक वेळी मान तुकवावी लागते, आणि न्हाणीघर खाली, स्वयंपाकघराच्या मागं. हीच यादी आमच्या गावाकडच्या घराची करून भाडेकरू शोधला असता तर शेजारीसुद्धा हसले असते.

आम्ही राहतो त्या रेडिंगहून निघालं की ए-३०३ रस्त्यानं स्टोनहेंजपाशी हमखास गाडी अडकते. तिथले दगड बघायला म्हणून सगळे हळू होतात आणि सगळेच अडकतात. शेवटचे काही मैल डेव्हनच्या गल्लीबोळांसारख्या रस्त्यांवरून. दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच बांध, त्यावर झाडी, आणि समोरून ट्रॅक्टर आला की आपण निमूटपणे गाडी मागं घ्यायची. कुलपाच्या छोट्या पेटीतून किल्ली काढून आत शिरलो तेव्हा टेबलावर स्कोन म्हणजे छोटे गोडसर पाव, त्यांवर लावायला जॅम आणि घट्ट साय ठेवलेली होती. डेव्हनमध्ये आधी साय आणि वर जॅम; शेजारच्या कॉर्नवॉलमध्ये बरोब्बर उलटं, आणि यावरून हे दोन परगणे पिढ्यान् पिढ्या एकमेकांना चिडवत आलेत. आपल्याकडे नाही का, पुरणपोळी दुधाबरोबर की कटाच्या आमटीबरोबर यावरून घरातलीच माणसं हमरीतुमरीवर येतात.

आईनं पिशवी खाली ठेवली आणि आधी भिंतीला हात लावला.

"हे तर मातीचं हाय की गं."

मी म्हटलं, हो.

"आन् वर काडाचं छप्पर?"

हो.

"आन् ह्याचे पैशे किती म्हणलीस?"

साडेपाचशे पौंड झाले होते. मी रुपयांत सांगितलं नाही. तिनं मनात गुणाकार केलाच असणार, कारण जेवणं होईपर्यंत ती काही बोलली नाही.

जिन्याच्या वळणावर घरमालकांनी वहीच्या पानाएवढा भिंतीचा तुकडा गिलाव्याशिवाय उघडा ठेवलाय आणि वर काच बसवलीय. आत विटकरी लाल माती. तिच्यात बोटाच्या पेराएवढ्या काड्या आडव्यातिडव्या रुतलेल्या, दोन-चार बारीक खडे, आणि एका कोपऱ्यात राठ केसांचा पुंजका, बहुधा गुराच्या अंगावरचा. त्यातली एक काडी अजून पिवळी होती. आई तिथं बराच वेळ उभी राहिली. चष्मा कपाळावर सारून नाक काचेला लावलं आणि म्हणाली, "चिखल बैलानं तुडवलेला दिसतोय."

तिचा अंदाज चुकण्यासारखा नव्हता. शेताच्या वरच्या सुपीक थराखालची चिकणमाती घ्यायची, तिच्यात काड टाकायचं, पाणी मारायचं आणि माणसांनी, नाहीतर बैलांनी ते तुडवायचं. मग दाताळ्यानं उचलून जोत्यावर थापायचं. एका वेळी साधारण दोन फुटांचा थर चढतो. तो वाळेपर्यंत थांबायचं, मग पुढचा. भिंत आवळली की तिच्या बाजू धारदार पात्यानं तासून काढायच्या. साचा नाही, ओळंबा नाही, म्हणून कोपरे गोलसर राहतात आणि खिडकीचा कट्टा मांडी घालून बसता येईल इतका खोल होतो. पावसाळी हवा लागली की काम बंद, त्यामुळे एका घरात एक-दोन उन्हाळे सहज जात. आमच्या कॉटेजचं जोतं गुळगुळीत, चपट्या गोट्यांचं होतं. जवळच्या बडली सॉल्टर्टनच्या किनाऱ्यावर तसल्या गोट्यांचा खच आहे. आता तिथून एक गोटासुद्धा उचलायला बंदी आहे.

आईला यातलं काही समजावून सांगावं लागलं नाही. पांढरी माती भुसा घालून भिजत ठेवणं, ती पायांनी मळणं, पावसाळ्याआधी माळवदावर नवी भर टाकणं हे तिनं लग्नानंतर कितीतरी वर्षं केलंय. पण आमच्या भागात मातीच्या घराविषयी आता कुणी प्रेमानं बोलत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला गणपतीचं विसर्जन करून दमलेली माणसं गाढ झोपेत होती आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारी हादरली. लातूर-उस्मानाबाद मिळून जवळजवळ दहा हजार माणसं गेली. भूकंप जगातल्या मोठ्या भूकंपांच्या मानानं मध्यमच होता. माणसं मेली ती घरांखाली. ओबडधोबड दगड मातीत रचलेल्या दोन-अडीच फुटी भिंती, त्यांवर लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर फूट-दोन फूट मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार, आणि झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर कित्येक टनांचं ओझं.

आमचं गाव किल्लारीपासून लांब. आमच्याकडे जीवितहानी झाली नाही, पण वाड्याच्या दोन भिंती फाकल्या, एक खण बसला, आणि पुढचे कितीतरी महिने सगळं गाव अंगणात, रस्त्यावर, शेतात झोपलं. नंतर पत्र्याच्या शेड आल्या. मग ज्याला जमलं त्यानं स्लॅब टाकला. लग्न जुळवताना "घर स्लॅबचं आहे ना?" हा प्रश्न तेव्हापासूनचा. आपल्याकडची मातीची घरं गरिबीनं गेली, हौसेनं गेली, सरकारी योजनांनी गेली असं सगळीकडे म्हणतात, ते खरंही असेल. आमच्याकडची भीतीनं गेली.

डेव्हनला पाऊस आहे, वारा आहे. घरं पाडील असा भूकंप नाही. शिवाय इथली भिंत सलग मातीची आहे, डोक्यावर माळवद नाही, हलकं काड आहे. हे सगळं मी आईला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि पहिल्या रात्री आपली गादी ओढून दारापाशी नेली. जावईबापूंनी कारण विचारलं, मी डोळ्यांनीच दटावलं. लातूर-धाराशिवकडच्या तिच्या वयाच्या माणसाला हे विचारायचं नसतं.

त्याच रात्री पाऊस झाला आणि आम्हाला कुणाला कळलंच नाही. काडाच्या छपरावर पाऊस वाजत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये पावसाळे काढलेल्या आईला याचं भारी नवल वाटलं. शेडमध्ये पाऊस सुरू झाला की ताटावर बसलेल्या माणसाला "भाजी वाढू का" हे हातानं विचारावं लागायचं. सकाळी दारात उभं राहून तिनं छपराची तपासणी केली. या छपरांना पन्हळ लावत नाहीत. उतार चांगला उभा, म्हणून काडाच्या वरवरचा थर तेवढा भिजतो आणि पाणी काडीवरून काडीवर घसरत खाली येतं. आढ्याचं पाणी वळचणीला, ते वळचणीचं थेट जमिनीवर, भिंतीला न शिवता. आढ्यावर काडाचीच वेगळी जाड पट्टी असते, तिच्या कडा नक्षीदार कापलेल्या, हेझेलच्या फोकांनी टाचलेल्या. ही पट्टी दहा-पंधरा वर्षांनी बदलावी लागते. बाकीचं छप्पर नीट शाकारलं असेल तर पंचवीस-तीस वर्षं बघावं लागत नाही.

शाकारणीचा खर्च पाच आकडी पौंडांत जातो. त्याचं एक कारण कारागीर कमी आहेत हे, आणि दुसरं मला फार रोचक वाटलं: काडच मिळत नाही. नव्या वाणांचा गहू बुटका. दाणा भरपूर, काडी आखूड, आणि कापणी-मळणीच्या यंत्रात तीही चेचून निघते. म्हणून छपरासाठी काही शेतकरी मुद्दाम जुने उंच वाण लावतात आणि जुन्या पद्धतीच्या यंत्रानं पेंढ्या बांधत कापतात. त्यांतला 'मॅरिस विजन' हा वाण १९६४ चा. आपल्याकडे ज्वारीचं पहिलं संकरित वाण, सीएसएच-१, तेही १९६४ चंच. माझे वडील हायब्रीडविषयी एकच वाक्य बोलत: कणगी भरली, पण कडबा गेला. गुरं त्या आखूड धाटांना तोंड लावायची नाहीत आणि गोठ्यावर टाकायला ती उपयोगी पडायची नाहीत. छपरासाठी शेतातला जुना वाण जपणारं कुणी तिकडे निघालं, कारण शाकारलेल्या घराला पैसे मोजणारं गिऱ्हाईक होतं. आमच्या गोठ्याला तसं गिऱ्हाईक नव्हतं.

डेव्हनच्या काही फार जुन्या घरांत तर छपराचा सगळ्यात आतला थर अजून मूळचाच आहे. मध्ययुगात घराला धुराडं नसे. मधोमध जमिनीवर आगटी पेटायची आणि धूर काडातून वाट काढत वर जायचा. त्यानं काड काळं कुळकुळीत झालं आणि टिकलं. पुढच्या पिढ्यांनी जुनं न काढता वर नवे थर चढवले. संशोधकांनी त्या काजळलेल्या काड्या आणि ओंब्या तपासून पाचशे-सहाशे वर्षांपूर्वी या शेतांत कुठला गहू होता ते शोधून काढलंय. आमच्या कॉटेजच्या माळ्यावर तसलं काही नव्हतं. होती ती वटवाघळं, आणि त्यांच्याविषयी एक सूचना.

सूचनांची फाइलच होती जाडजूड. शेकोटीच्या लोखंडी शेगडीत फक्त वाळकं लाकूड जाळा. अंगणात फटाके, उडते कंदील चालणार नाहीत. माळ्याचं झाकण उघडू नका, वटवाघळांना कायद्यानं संरक्षण आहे. भिंतीवर खिळा ठोकू नका. आणि एका पानावर जाड अक्षरात: भिंतीला पोपडे दिसले तर आपण होऊन काही भरू नका, आम्हाला कळवा.

या शेवटच्या सूचनेमागं मोठं रामायण आहे. विसाव्या शतकात लोकांनी या मातीच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करून वर प्लास्टिकचा रंग दिला. पक्कं व्हावं म्हणून. पण माती ओल घेते आणि सोडते. चुन्याचा गिलावा तिला तसं करू देतो. सिमेंट करू देत नाही. कुठल्यातरी भेगेतून पाणी आत शिरतं, बाहेर पडायला वाट नसते, जोत्याजवळची माती भिजून पुन्हा चिखल होते आणि बाहेरून धडधाकट दिसणारी भिंत एके दिवशी खाली बसते. आता जाणकार लोक सिमेंट खरवडून पुन्हा चुना लावतायत. मी हे वाचत असताना आई चहा गाळत होती. म्हणाली, "आपल्या देवघराच्या भितीचं तेच झालं. तुझ्या भावानं शिमेट मारलं आन् दुसऱ्या साली फुगा आला."

घर असं जपलं जातं त्यामागं कायदाही आहे. ऐतिहासिक इमारतींच्या सरकारी यादीत घराचं नाव गेलं की खिडकी बदलायलासुद्धा परवानगी लागते. विनापरवाना तोडफोड हा फौजदारी गुन्हा. यादीत नाव असणं म्हणजे सरकार पैसे देतं असा मात्र नाही त्याचा अर्थ. खर्च मालकाचा, नियम सरकारचे. मग एवढा खर्च करून जुन्या घरात राहणार कोण? पगारदार स्थानिक माणसाला ते परवडत नाही. परवडतं ते दुसरं घर म्हणून घेणाऱ्याला, किंवा आमच्यासारख्यांना भाड्यानं देणाऱ्याला.

शनिवारी शेजारच्या घराची साफसफाई करायला आलेल्या बाईंशी आईची मैत्री झाली. भाषा दोघींना एकमेकींची येत नव्हती. चादरी घड्या करायला चार हात लागतात एवढ्यावर भागलं. मी मध्ये दुभाषी. त्या बाईंची आजी याच गावात राहायची, काडाच्याच छपराखाली, मोलमजुरी करून. त्या स्वतः एक्झिटरच्या बाहेर नव्या वसाहतीत राहतात आणि दर बदलीच्या दिवशी गाडी घेऊन येतात. दहा वाजता एक बिऱ्हाड बाहेर, चार वाजता दुसरं आत, मधल्या सहा तासांत चार घरं. त्यांनी रस्त्यावरच्या किल्ल्यांच्या पेट्या मला बोटानं दाखवल्या. हिवाळ्यात या घरांत दिवा लागत नाही, म्हणाल्या. रागानं नाही, बस किती वाजता येते हे सांगावं तशा.

डेव्हन-कॉर्नवॉलमध्ये हे दुखणं जुनं आहे. कॉर्नवॉलच्या सेंट आइव्हजमध्ये २०१६ साली गावकऱ्यांनी मतदान घेऊन ठरवलं की नवीन बांधलेलं घर कायम राहणाऱ्यालाच मिळेल. ऐंशी टक्क्यांहून जास्त लोक बाजूनं होते. एप्रिल २०२३ पासून सुट्टीच्या घराला व्यवसाय म्हणून गणायचं तर वर्षात किमान ७० रात्री ते खरोखर भाड्यानं गेलेलं दाखवावं लागतं. एप्रिल २०२५ पासून इंग्लंडमधल्या कौन्सिलांना दुसऱ्या घरावर दुप्पट घरपट्टी लावता येते. यानं गावं पुन्हा भरतील का, मला शंका आहे. मालक घर विकेल, पण ते घेईल तो दुसऱ्या शहरातला दुसरा मालकच, कारण किंमत तीच राहते आणि छपराचा खर्चही. मी काही वरून बघणारी तटस्थ बाई नाही. आमच्यासारखे येतात म्हणून ते घर शाकारलं जातं, चुना लागतो, मॅरिस विजन पेरला जातो. आमच्यासारखे येतात म्हणूनच त्या बाईंच्या आजीच्या गावात त्या बाईंना घर नाही. यातलं एक खरं ठेवून दुसरं पुसता येत नाही.

रविवारी संध्याकाळी नदीवर गेलो. ऑटर नदीत बीव्हर आहेत, झाडं कुरतडणारे, उंदराच्या कुळातले प्राणी. ब्रिटनमधून चारेकशे वर्षांपूर्वी शिकारीनं संपलेला हा प्राणी इथं कुठून आला ते नक्की कुणाला माहीत नाही. सरकारला ते पकडून न्यायचे होते, लोकांनी विरोध केला, २०१५ पासून पाच वर्षं चाचणी झाली आणि २०२० मध्ये त्यांना राहायची परवानगी मिळाली. आम्हाला बीव्हर काही दिसले नाहीत. त्यांनी कुरतडलेलं एक विलोचं खोड दिसलं, पेन्सिलीला टोक काढावं तसं तासलेलं. लेकीनं आजीला सगळी हकिगत सांगितली. आजी म्हणाली, "उंदरालासुद्दा ऱ्हायची परवानगी मिळाली म्हण की."

रात्री भावाचा व्हिडिओ कॉल आला. आईनं फोन हातात धरून त्याला घरभर फिरवलं: चुलीशेजारची पाव भाजायची भट्टी, खिडकीचा कट्टा, काचेआडची माती. त्यानं भाड्याचा आकडा विचारला. मी सांगितला. तो जरा वेळ गप्प राहिला आणि मग भडाभडा बोलायला लागला. वाड्याचे मागचे दोन खण अजून उभे आहेत. माळवद काढून वर पत्रे, पत्र्यावर काड. पुढं ओसरी, चुलीवरची भाकरी, हुरड्याच्या दिवसांत पुण्या-मुंबईची माणसं. कृषी पर्यटनाला सरकारचं धोरण आहे, नोंदणी करता येते. "जुनं ते ठेवायचं ताई, आता त्यालाच किंमत हाय." मी त्याला सिमेंट खरवडून चुना लाव म्हटलं, दगडांना जागोजागी सांधणारे लांब दगड घाल आणि इंजिनिअरला दाखवल्याशिवाय कुणाला आत झोपवू नकोस म्हटलं. किल्लारीनंतर हे सगळं सांगून झालेलं आहे, लोकांना माहीतही आहे. त्यानं "बघू, खर्च किती येतो" म्हटलं.

आईनं फोन माझ्या हातून घेतला.

"ऐक. पावन्याला झोपवायच्या आधी तू झोप तिथं. एक पावसाळा. बायको-लेकरं घेऊन."

भाऊ हसला. आई हसत नव्हती. मग तिनं दोन खणांच्या कोपऱ्याचे फोटो मागितले, बाहेरून आणि आतून, दिवसा काढलेले, भेगेत पट्टी धरून.